उबदार वाळू

"गादी पुन्हा ओली!" सासूबाईंनी सकाळी सकाळी घर डोक्यावर घेतलं. "या, बघा तुमच्या लाडोबाचे प्रताप!"

सून आली आणि काही न बोलता चादर काढू लागली. तिच्या या गप्प राहण्यानंच सासूबाईंचं डोकं जास्त फिरायचं. भांडायला तोंड उघडणारं माणूस समोर असलं की निदान समाधान तरी होतं.

मांजर सुनेनं माहेराहून आणलेलं. त्याचा निम्मा गुन्हा तिथेच सिद्ध झाला होता. त्यात थंडी पडल्यापासून ते सासूबाईंच्या पायाशी येऊन झोपू लागलं, आणि तेव्हापासून अधूनमधून गादी ओली होऊ लागली.

"त्याचा शी-शूचा ट्रे गॅलरीत आहे ना, आई," सून म्हणाली. "वाळू गारठते. पाय ठेववत नाही त्याला, म्हणून इकडे करतं."

"मग काय शेकोटी पेटवू त्याच्यासाठी?"

"मी बघते काय ते."

आणि तिनं खरंच बघितलं. ट्रे गॅलरीतून उचलून बाथरूमच्या बोळात आणला. फरशीचा गारवा लागू नये म्हणून खाली पुठ्ठा आणि जुनी सतरंजी घातली. ओली वाळू लवकर गार पडते म्हणून ती रोज बदलू लागली. संध्याकाळी ट्रेखाली गरम पाण्याची रबरी पिशवी सरकवायची आणि बोळातला दिवा रात्रभर चालू ठेवायची.

"मांजराला अंधारात दिसत नाही, हे आजच कळलं," सासूबाई मुलाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. "आणि माझे गुडघे ठणकतात तेव्हा ती पिशवी कुठे असते? मांजराच्या बुडाखाली!"

मुलानं मोबाइलमधून मान वर काढली नाही. या घरात त्याला जगायचं होतं.

सुनेचा आगाऊपणा तेवढ्यावर थांबला नाही. मांजराचं निमित्त करून तिनं सासूबाईंच्या चादरीखाली प्लास्टिक अंथरलं. रात्रभर ते अंगाखाली कुरकुरायचं. वर त्यांचा झोपण्याआधीचा चहाही बंद केला.

"झोप लागत नाही म्हणता ना, मग कशाला?"

"माझ्या घरात मलाच चहाची चोरी?"

इतकं करून गादी पुन्हा ओली झालीच. या वेळी मुलगाही वैतागला. "पुरे झालं. ट्रे उबदार आहे, वाळू कोरडी आहे, अजून काय हवंय त्याला? देऊन टाकू कुणालातरी."

"नको," सुनेचे डोळे भरून आले. "थोडे दिवस थांब. मी अजून काहीतरी करते. मांजर घालवायचं नाही."

मुलगा पाघळायला लागला, हे सासूबाईंनी ओळखलं. आता आपणच हातपाय हलवायला हवेत.

दुसऱ्या दिवशी सून कामावर गेली आणि दूधवाला आला. गावाबाहेरच्या त्याच्या गोठ्यात उंदरांनी उच्छाद मांडला होता. सासूबाईंनी मांजराला दुधाच्या वाटीची लालूच दाखवली, झाकणाच्या टोपलीत कोंबलं आणि टोपली दूधवाल्याच्या हाती दिली. "कुठे बोलू नकोस," एवढंच सांगितलं.

संध्याकाळी सुनेनं जिने पालथे घातले. गाड्यांखाली वाकून वाकून हाका मारल्या. परत आली ती हुंदके देतच.

"दार उघडं राहिलं असेल," सासूबाई म्हणाल्या. "जनावरच ते. गेलं."

सून त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेत काय होतं ते सासूबाईंना कळलं आणि गोडही वाटलं. जिंकल्यावर समोरच्याला कळायला नको का? त्यांनी स्वतःच्या हातानं कपभर चहा करून प्यायला, सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि कितीतरी दिवसांनी निर्धास्त झोपल्या.

सकाळी जाग आली तरी त्या हलल्याच नाहीत. मग हळूच पांघरुणाखाली हात घातला. पुन्हा घातला. त्यांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं.

"आई, अजून झोपलीस? बरं नाही का?" मुलगा पलंगाशी आला. त्यानं पांघरुणाला हात घातला.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

त्याच्या मागून सून आली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. तिनं सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कड्या लावलेल्या खिडक्यांकडे.

"सरक तू, मी काढते चादर," ती नवऱ्याला म्हणाली. "रात्री मांजर येऊन गेलेलं दिसतंय."