मशीनमधला दोष

नव्या ईसीजी मशीनच्या कागदावरही रेघ तिथेच खचली.

तंत्रज्ञ बाईंनी कागद फाडून मशीनवाल्यापुढे धरला. "हे बघा. काल बसवलंत आणि आजच दोष?"

मशीनवाल्याने वायरी हलवून पाहिल्या, बटणं दाबली, डोकं खाजवलं. "बाई, कोरं करकरीत मशीन आहे. याला काहीही झालेलं नाही."

छातीला वायरी लावून शिपाईमामा कॉटवर निवांत पडले होते. हृदयरोगाच्या या संशोधन केंद्राचा दिवस मामांच्या ठोक्यांनीच सुरू व्हायचा. लोकांचे आलेख काढण्याआधी मशीन तपासायचं, तर त्यासाठी खात्रीचं हृदय हवं. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मामांच्या कार्डावर लिहिलं होतं, 'धोका नगण्य'. झालं, तेव्हापासून मामा म्हणजे केंद्राची मोजपट्टी. रेघ जागेवर आली की मशीन पास, नाही आली तर मशीनवर खापर.

"दोन मशीनं खाल्ली मी," मामा हसले. "हे तिसरं तरी टिकू द्या."

बाईंना ते हसू का कोण जाणे, सोसेना. त्यांनी तपासणीची वही काढली आणि रोज सकाळी चिकटवलेले कागद मागे मागे उलटत गेल्या. मागच्या महिन्यात रेघ खचलेली. सहा महिन्यांमागे थोडी कमी. दोन वर्षांमागे केसभर. मधेच चार दिवस ठीक, की दुरुस्ती झाली म्हणून सगळे खूश. मग पुन्हा तेच, त्याच जागी, ठोक्याच्या पाठोपाठ. अशा प्रत्येक कागदाखाली त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: मशीनमध्ये दोष, दुरुस्तीला कळवले. बाहेर बसलेल्यांपैकी कुणाच्या कागदावर ही रेघ दिसली असती, तर त्या धावत डॉक्टरांकडे गेल्या असत्या.

कोपऱ्यात याच दोषापायी भंगारात काढलेलं जुनं मशीन होतं. बाईंनी मामांच्या वायरी सोडवल्या, जुनं मशीन सुरू केलं आणि त्याच्या पट्ट्या स्वतःच्या मनगटांना, घोट्यांना लावल्या.

रेघ स्वच्छ आली. कुठे खड्डा नाही, काही नाही. बाईंनी मान वळवून मामांकडे पाहिलं.

"अरे वा! आपोआप बरं झालं की!" शर्टाची बटणं लावत मामा उठले. "उगाच टाकून देत होता बिचाऱ्याला. थांबा, वर माडीवर ठेवून येतो." आणि ते जड धूड उचलायला ते वाकलेसुद्धा.

"मामा, हात लावू नका!"

मशीनवाला दचकून मागे सरला. मामा वाकलेलेच राहिले. "का? काय झालंय त्याला?"

"त्याला काही झालेलं नाही, मामा." बाई म्हणाल्या. "कधीच काही झालं नव्हतं."

मामांचं हसू ओठांवर तसंच राहिलं. मशीनवरचा हात हळूच उठला आणि छातीपाशी गेला.

नवं मशीन बंद करायचं राहून गेलं होतं. कॉटवर सुट्या पडलेल्या वायरींसकट ते चालूच होतं. त्याच्यातून कागद सरकत बाहेर येत होता, आणि त्यावरची रेघ आता अगदी सपाट होती.