भुईवीर मारत नाही

"मग मारत कावून न्हाई त्याला?" केसरबाईंनी विचारलं.

अभिमन्यूच्या लॅपटॉपवरच्या कार्टूनमध्ये भुईवीरानं दुष्ट काळोजीला गचांडी धरून कड्यावर लटकवलं होतं. हात सोडला की खेळ खलास. पण भुईवीर त्याला वर ओढून पोलिसांच्या हवाली करत होता.

"तो कुणालाच मारत न्हाई, माय," अभिमन्यू म्हणाला.

आता आईला कसं समजवायचं? पुण्याच्या ज्या कंपनीत तो कार्टूनचे सिनेमे करतो, तिथं ह्याच सीनवरून केवढी भांडणं झाली होती. निम्मे म्हणत, दुष्ट मेला नाही तर पोरं टाळ्या कशाला पिटतील? मारायचं नाही म्हणून अडून बसला तो अभिमन्यूच. ज्याच्या अंगात बळ त्यानंच निवाडा करायचा तर मग कोर्ट कशाला पाहिजे, असं तो साहेबांपुढं तावातावानं बोलला आणि जिंकला. भुईवीराच्या मिशा आणि चाल आपल्या मेलेल्या बापाची आहे, हे मात्र त्यानं तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

बाप रामकिसन. ग्रामपंचायतीला भावकीच्या विरोधात उभा राहिला आणि निवडून आला, एवढाच त्याचा गुन्हा. गुलाल धुवायच्या आत चुलत पुतण्या शिवशंकरनं त्याला भरदिवसा गोठ्यापुढं कुऱ्हाडीनं तोडलं. बघायला दुसरं कुणी नव्हतं, एकट्या केसरबाई. मग पंचनामा, अटक, जामीन, तारखांवर तारखा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण ह्या माउलीनं ती चढून चढून झिजवली. उद्या बीडला तिची साक्ष होती. सरकारी वकिलांनी स्पष्टच सांगितलं होतं, केस तुमच्या एकटीच्या शब्दावर उभी आहे. त्यासाठीच अभिमन्यू रजा टाकून आला होता.

"उद्या कोर्ट देतंय की शिक्षा," तो म्हणाला. "मग चित्रात मारून काय करायचं?"

केसरबाई ऐकून घेत होत्या आणि पुन्हा तेच म्हणत होत्या. आजवर ह्या बाईनं पोराच्या कार्टूनकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. पोरगा काय करतो असं कुणी विचारलं तर सांगायच्या, बाहुल्या नाचवतो. आणि कालपासून हा एकच धोशा.

काल सकाळी वनमालाबाई येऊन गेल्या होत्या. शिवशंकरची आई, केसरबाईंची चुलत जाऊ. धाकट्या पोराच्या लग्नाचं आवतन घेऊन आल्या. बाहेरच्याला नवल वाटेल, पण इकडं भावकीत मुडदा पडला तरी आवतन चुकत नाही, आणि दारात आलेल्या आवतनाला कुणी पाठ दाखवत नाही. पत्रिका, अक्षता, चहा, सगळं रीतीनं झालं. शिवशंकरचं नावसुद्धा निघालं नाही. वनमालाबाईंनी अभिमन्यूच्या पाठीवरून हात फिरवला, वाळलास म्हणाल्या. पुण्यात वाकडच्या त्या कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवतोस ना, तिथल्या चपात्या कच्च्या असतात म्हणे. गाडी सावकाश चालवत जा. अभिमन्यूला हसू आलं. गावात कुणाचं काय झाकून राहतंय! केसरबाईंनी गॅसवर ठेवलेला दुसरा चहा तेवढा उतू गेला.

त्या गेल्यावर तो आईला म्हणाला की टरकलेत हे लोक, म्हणून तोंडात साखर आलीय. केसरबाई ओटा पुसत राहिल्या.

"एकदाच मार त्याला," त्या आता म्हणाल्या. "जगाला नको दावू. मला दाव."

"असं मारून न्याय होतो का, माय?"

"तुजा न्याय तुजापाशी असू दे. मी तुला कदी काई मागितलं का?"

नव्हतं मागितलं. कधी लुगडंसुद्धा नाही. अभिमन्यूला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. ज्या बाईनं नवऱ्याला डोळ्यांदेखत तुटताना पाहिलं तिला आपण कसले धडे देतोय? आणि जीव थोडा निवला तर उद्या कोर्टात धीरानं बोलेल. तो कामाला बसला.

केसरबाई शेजारी बसून सांगत होत्या. नाक शिवशंकरसारखं कर. कपाळ बारीक कर. तो करत गेला. दुपार कलली तेव्हा कच्चं का होईना, चित्र हललं. भुईवीरानं हात सोडला आणि काळोजी दरीत गेला.

"पडला?"

"पडला."

"उठंल का परत?"

"न्हाई, माय. मेला तो."

त्यांनी पुन्हा दाखवायला लावलं, पुन्हा, अजून एकदा. मग पदर तोंडात धरून त्या अशा रडल्या की अभिमन्यूला काय करावं सुचेना. मयतीलाही त्या एवढ्या रडल्या नव्हत्या. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "झालं माजं." त्याला मनापासून बरं वाटलं. आपण तत्त्व मोडलं, पण आईसाठी मोडलं.

दुसऱ्या दिवशी जीपनं मांजरसुंबा आणि तिथून एसटीनं बीड. वाटेत केसरबाईंनी चहासुद्धा घेतला नाही. लहानपणी बाजारात नेताना धरायच्या तसा त्यांनी पोराचा हात धरून ठेवला होता. अभिमन्यू त्यांना धीर देत राहिला. जे पाहिलं तेवढंच सांग, भ्यायचं काय कारण नाही.

कोर्टात शिवशंकर धुतल्या शर्टात उभा होता. मागच्या बाकावर वनमालाबाई बसल्या होत्या. त्यांनी अभिमन्यूकडं बघून मायेनं मान हलवली.

पुकारा झाला. केसरबाईंनी शपथ घेतली. त्यांचा आवाज स्वच्छ होता, आणि अभिमन्यूला वाटलं, आता जिंकलो. सरकारी वकिलांनी आरोपीकडं बोट करून विचारलं, ह्या माणसाला ओळखता का?

केसरबाईंनी एकदा मागच्या बाकाकडं, एकदा पोराकडं पाहिलं.

"वळखते की, सायब. पुतण्या हाय माजा," त्या म्हणाल्या. "पर मारणारा ह्यो न्हवता."