भांडं घेऊन येतो

डिसेंबरच्या थंडीत राजहंसगडाच्या पायवाटेवर धावताना खासबागेतले निशांत वकील पाठीवरच्या नव्या पाणपिशवीवर बेहद्द खूश होते. दोन लिटर पाणी. छातीशी आलेली नळी तोंडात धरली की झालं. वळणावर गवताचा भारा टाकून नेहमी वाटेत भेटणारा म्हातारा भरमा छाती आवळत पडला होता.

"अण्णा, घोटभर पाणी."

नळी पुढे करता करता वकिलांचा हात थांबला. "आप्पा, माझं उष्टं तुम्हाला कसं देऊ?"

"मला चालतंय की." भरमा कसाबसा हसला. "तुम्हास्नी चालत न्हाय म्हणा."

"भलतंच! थांबा, भांडं घेऊन येतो."

आणि ते खरोखरच जीव तोडून धावले. कुठल्याही शर्यतीत धावले नव्हते इतके. खालच्या वस्तीतल्या पहिल्याच दारात ते ओरडले, "पेला द्या, माणूस मरतोय!"

घरातली बाई पेला घेऊन लगबगीने बाहेर आली. "कोण हो?"

"भरमा."

ती तशीच आत वळली, पेला जागेवर ठेवला आणि गोठ्याच्या वळचणीला भरमाचा वेगळा कप शोधू लागली. वकील दारात ताटकळत उभे राहिले. हरकत मात्र त्यांनी घेतली नाही.