डाव्या डोळ्याची कला

मोठा नट दुःखाच्या खाणीतून घडतो. या नटाच्या बाबतीत ती खाण डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाला लागून, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत होती, असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना नुकतंच आढळलं होतं.

त्यांनी आधी उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक पिचकारीने मिठाचं पाणी सोडलं.

"घशात खारट लागलं?"

"लागलं."

मग डाव्या. ते पाणी घशात उतरलंच नाही. गालावरून ओघळलं, हनुवटीशी क्षणभर थांबलं आणि शर्टावर पडलं. अगदी मालिकेत पडतं तसं.

"नळी बंद आहे. लहानपणापासूनच असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळ्यातलं पाणी नाकात उतरायचं, ते बाहेर येतं. वाऱ्यात, उजेडात जास्तच. मोरी तुंबते ना, तसं. छोट्या ऑपरेशनने मोकळी होते."

तीस वर्षांत या नटाचं पाणी कुणी जोखलं नव्हतं. बाईंनी ते तीन मिनिटांत जोखलं.

शेजारच्या खुर्चीत त्याची बायको बसली होती. ती शाळेत गणित शिकवायची. तिने विचारलं, "म्हणजे यात भावनेचा भाग किती?"

"नळीला भावना नसतात."

नटाने शर्टावरचा ओला डाग पाहिला. पहिल्या चित्रपटात तो कोर्टातल्या गर्दीत तिसऱ्या रांगेत बसला होता. दिवा डावीकडून होता. निकाल वाचला जाताना चाळीस माणसांत एकट्या त्याच्या गालावर थेंब आला, आणि दिग्दर्शकाने कॅमेरा नायकावरून काढून त्याच्यावर लावला. त्यानंतर त्याने मुलीला निरोप देणारे अकरा बाप केले, वाटणीवर पाणी सोडणारे सात थोरले भाऊ केले, आणि स्वतःच्या मुलाला शिक्षा सुनावणारा न्यायाधीश तर दोनदा केला. सध्या एका मालिकेत तो आठवड्यातून पाच दिवस टिपं गाळत होता. ग्लिसरीनची बाटली त्याच्यासाठी कधी उघडावी लागली नाही. कॅमेरा कायम डावीकडून लागायचा; त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू फक्त दूधवाल्याला माहीत होती. भूमिका न्यायाधीशाची असो की हमालाची, कपडेपट सांभाळणारा माणूस त्याच्या खिशात इस्त्रीचा पांढरा रुमाल न चुकता ठेवायचा.

समीक्षकांनी त्याच्या 'आत जपलेल्या जखमे'वर लिहिलं. शिबिरांत तो तरुण नटांना सांगायचा, "आधी आठवण शोधा. डोळा मागून येतो." कुठली आठवण, असं कुणी विचारलं तर लहानपणी गेलेल्या कुत्र्याची सांगायचा. कुत्रा शेजाऱ्यांचा होता, चावरा होता, आणि तो गेला तेव्हा सगळ्या गल्लीला बरं वाटलं होतं.

हे सगळं बुडालं तरी त्याला चाललं असतं. धास्ती होती ती एकाच थेंबाची. अठ्ठावीस वर्षांपूर्वी शूटिंगच्या कपड्यांतच बागेत धावत जाऊन त्याने या गणिताच्या बाईंना लग्नाचं विचारलं होतं. विचारता विचारता गालावर थेंब आला. तो बघून ती हो म्हणाली. ही हकीगत तो प्रत्येक मुलाखतीत सांगायचा, आणि बायको शेजारी बसून मान खाली घालायची. त्याला वाटायचं, लाजते.

दवाखान्याच्या जिन्यात ती थांबली.

"अहो, त्या दिवशी बागेत कुठला डोळा होता?"

खोटं बोलावं असं त्याला वाटलं. पण समोर गणित होतं.

"डावा."

"वारा होता."

"होता."

ती दोन पायऱ्या उतरली. तो वरच राहिला.

"म्हणजे आपला संसार तुंबलेल्या मोरीवर उभा आहे," तो म्हणाला. "तुला काय बोलायचं ते बोल."

ती कठड्याला धरून हसायला लागली. इतकी, की वरच्या दारातून नर्सने डोकावून पाहिलं.

"मी पाण्याला भुलले असं कोण म्हणालं? तुम्हीच सांगत सुटता. मुलाखतीत मला तोंड तरी उघडू देता का? तुमच्याआधी दोघांनी विचारलं होतं मला. एकाने बोलता बोलता बाहीला नाक पुसलं. दुसऱ्याने माझ्याकडेच रुमाल मागितला. तुम्ही खिशातून काढलात. पांढराशुभ्र, कडक इस्त्री, चारही टोकं टोकाला टोक. म्हटलं, रडका असेना का, माणूस टापटिपीचा आहे."

"आणि?"

"आणि काय. लग्नानंतर तुम्ही एक रुमाल घडी केला असेल तर शपथ. म्हटलं, कलावंत आहेत, वेळ मिळत नसेल."

नटाच्या छातीवरचा दगड उतरला. तो दोन पायऱ्या खाली आला.

"ते ऑपरेशन करून टाका," ती म्हणाली. "तासाभराचं काम आहे."

"आणि मग रडायचं कसं?"

"अभिनय करायचा. शिबिरात शिकवता ना?"

दोघं हसत खाली उतरले. शेवटच्या पायरीवर तिला काहीतरी आठवलं.

"तो रुमाल अजून आहे माझ्या कपाटात. कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने सतराचा आकडा भरलाय. मी कधी विचारलंच नाही. सासूबाईंनी भरला असेल ना हो, हौसेने?"

नटाने तिच्याकडे पाहिलं. चेहरा शांत, नजर स्थिर, डोळे कोरडे. जिन्यात वारा नव्हता.

"आईनेच," तो म्हणाला. "फार जीव होता तिचा माझ्यावर."

तीस वर्षांच्या कारकिर्दीतला हा त्याचा पहिला अभिनय होता, आणि तो एका टेकमध्ये झाला. रुमाल कपडेपटातल्या सतरा नंबरच्या खोक्यातला होता.