डॉक्टरीणबाईंची घालमेल

डॉक्टरीणबाईंनी लेकीचा कुडता तिसऱ्यांदा इस्त्रीखाली घेतला, तेव्हा आतून डॉक्टरांचा आवाज आला, "माझाही एक शर्ट कर गं. अर्ध्या बाह्यांचा."

"तुम्हाला कुठं मिरवायचंय?"

"उकडतं फार."

बाईंनी शर्ट ओढून घेतला. उद्या मेडिकलची प्रवेश परीक्षा. घरात कोणी मोठ्यानं शिंकलं तरी त्यांच्या काळजात धस्स होत होतं. पारदर्शक बाटली धुऊन झाली होती, दोन पेनं कागदावर ओढून पाहिली होती, केंद्राचा पत्ता शेजाऱ्यांना विचारून पक्का केला होता. तरी हात काहीतरी शोधतच होते.

कोपऱ्यावरचा शिंपी सकाळीच म्हणाला होता, "काळजी कसली करता, डॉक्टरीणबाई? खाण तशी माती. डॉक्टरांचं पोर डॉक्टरच होणार."

बाई हसल्या होत्या. पण वरवरच.

कारण पोरगी त्यांना माहीत होती. रक्त पाहिलं की तिला भोवळ यायची. एकदा दवाखान्यात ती अशी धाडकन पडली, की डॉक्टरांनी पेशंटला तसंच सोडून आधी तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिला नकाशे काढायचे होते. तिच्या खोलीच्या भिंतींवर नद्याच नद्या होत्या.

मग सहा महिन्यांपूर्वी ते झालं. शाळेत द्यायचा कसलासा कागद शोधायला ती दवाखान्यातल्या कपाटाकडे गेली, आणि परत आली ती उतरल्या चेहऱ्यानं. संध्याकाळी बापलेकीनं दार लावून घेतलं. तिचा चढलेला आवाज बाहेर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी घरात विटांसारखी जाडजूड पुस्तकं येऊन पडली.

"हे काय?" बाईंनी विचारलं होतं.

"मेडिकलची तयारी," लेक म्हणाली होती. इतकंच.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोन तास दोघं दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसत. चहा द्यायला गेलं की दाराबाहेर ऐकू यायचं. ती प्रश्न विचारायची, ते उत्तर द्यायचे. एकेक उत्तर चारचारदा. घरात मिठाचा डबा समोर असून न सापडणारा हा माणूस लेकीसाठी एवढा धीर कुठून आणतो, याचं बाईंना नवल वाटायचं. पेशंटकडेही त्यांचं लक्ष राहिलं नव्हतं. खोकला-पडशापलीकडचं काही आलं की सरळ मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून मोकळे.

बाईंनी मनाशी हिशेब मांडला होता: यांनी पोरीला दटावलं. आपली गादी चालवायला तिच्या नद्या बुजवल्या. आणि आपण, तिची आई, चहाचे कप उचलत बसलो.

जेवताना डॉक्टर ताटाशी नुसते चाळा करत होते. लेक मात्र दुसऱ्यांदा वाढून घेत होती.

"बाबा, खा ना नीट."

"जात नाही गं घशाखाली."

"सगळं येतंय. उगाच घाबरायचं नाही."

पोर बापाला धीर देते, आणि बाप बसलाय गोगलगाय होऊन! बाईंना रागही आला आणि रडूही. पाठमोरं होऊन त्यांनी भांडी इतक्या जोरात घासली की एका पातेल्याला पोचा आला. तिथंच त्यांनी ठरवलं. उद्या फाटकापाशी बोलायचं. मग घरात काय आकाशपाताळ एक व्हायचं ते होऊ दे.

सकाळी बस खच्चून भरली होती. डॉक्टर खिडकीशी बसून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते. बूट चावतो म्हणून पायात चपला घालून आले होते. सत्तावीस वर्षं दवाखाना चालवलेला माणूस, आणि आज बघा, अगदी अवसान गळालेलं! बाईंनी तोंड फिरवलं.

केंद्राच्या फाटकाबाहेर ही गर्दी. कोणाची आई मुलाचा चष्मा पुसत होती, कोणाचा बाप शेवटचं सूत्र विचारत होता. पहिली घंटा झाली. रांग हलायला लागली तशी बाईंनी लेकीचा दंड धरून तिला झाडाच्या आडोशाला ओढलं.

"हे बघ, तुला नको असेल तर आत जाऊ नकोस."

"आई—"

"बोलू दे मला. सहा महिने गप्प बसले, चुकलं माझं. तुला नकाशे काढायचेत ना? काढ. बाबांना मी बघते. लोक काय म्हणायचं ते म्हणोत."

लेकीचे डोळे भरून आले. तिनं आईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"आई, मी फॉर्मच भरलेला नाही."

"म्हणजे? मग आपण इथं कशाला आलोय?"

लेकीनं फक्त फाटकाकडे पाहिलं.

डॉक्टर रांगेत पुढं सरकले होते. मागंपुढं अठरा-अठरा वर्षांची पोरं, आणि मधे त्यांचं पिकलेलं डोकं. रखवालदारानं त्यांना ओळखलं आणि लगबगीनं हात जोडले.

"अरे, डॉक्टर! या, या. तुमच्या गोळ्यांनी आमची म्हातारी चालायला लागली बघा. ताईंना सोडायला आलात? पण पालकांनी बाहेरच थांबायचंय हं."

डॉक्टरांनी खिशातून प्रवेशपत्र काढून त्याच्यापुढं धरलं. रखवालदारानं त्यावरचा फोटो पाहिला, मग डॉक्टरांकडे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला.

"डॉक्टर, हे तर तुमचंच..."

"डॉक्टर नको म्हणूस रे," ते खाली मान घालून म्हणाले. "अजून व्हायचंय."