चष्म्याची काडी

चाळिशी लागली आणि मी आयुष्यातला पहिला चष्मा ऑनलाइन मागवायला बसले. लेन्सचे सतरा प्रकार बघून गांगरलेच. तेवढ्यात नवरा हौसेनं शेजारी येऊन बसला.

“काचेची लेन्स नको. जड होते, नाकावर वळ उठतात. पॉलिकार्बोनेटची घे. हलकी असते, पडली तरी सहसा फुटत नाही.”

त्याला स्वतःला चष्मा नाही, तरी माझ्यासाठी किती बारकाईनं सांगत होता! मला कौतुकच वाटलं. मी एक फ्रेम निवडली.

“छे गं, ही जाड काडी नको. खांद्यावर डोकं ठेवलं की रुतते.”

बोलून गेला आणि घाबरून माझ्या तोंडाकडे बघायला लागला.



“कुणाची रुतली?” लॅपटॉप मिटत मी विचारलं.