कुलपाचं बटण

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला आणि नरपड गावाची सुस्त दुपार दचकली. मांजर. रुपल गाडीजवळून तशीच घरात धावली. माहेरी न्यायच्या सुक्या बोंबलांची गोणी मागच्या सीटवर होती. मांजरांच्या धाकानं काचा आधीच वर होत्या, आता तिनं दारही लोटून घेतलं. पुढच्या सीटवर चार वर्षांची हिरू झोपलेली. दोन मिनिटांचा तर प्रश्न.

परत आली तर हिरू ड्रायव्हरच्या सीटवर उभी. आतलं कुठलंसं बटण तिच्याकडून दाबलं गेलं असावं, दार उघडेना. चारी उघडेनात. चावी आत लटकत होती. बंदरावर गेलेल्या नविनला, नवऱ्याला, फोन लावला. त्याचा फोन गाडीतच, हिरूच्या पायाशी वाजला.

मे महिना. काचेला हात लागला तर चटका बसला.

हिरूला आधी गंमत वाटली. तिनं हॉर्न वाजवला. लाल त्रिकोण दाबला, दिवे उघडझाप करू लागले. मग तिचे कपाळावरचे केस ओले झाले आणि तिनं रडायला तोंड वासलं.

शेजारची पुतळीमावशी कोयता घेऊन आली. काच फोडते म्हणाली. रुपल आडवी आली, तुकडे पोरीच्या डोळ्यात जातील.

"जीव गेल्यावर डोळे काय करायचेत गं?"

कुलपाचं बटण असणारच कुठेतरी. पण कुठे? दोन वर्षं रुपल या गाडीत मागेच बसत आलेली; पुढे सासूबाई. इथून दाराची आतली बाजू दिसेना. ती पलीकडच्या काचेशी पळाली, डोळ्यांशी ओंजळीचा आडोसा धरला. होतं. ड्रायव्हरच्या दारावर, काचांच्या बटणांपुढे, कुलपाचं चित्र असलेलं.

रुपलनं काचेतून बोटानं दाखवलं, हिरूनं ते दाबलं. काहीच नाही. मावशीनं कोयता उलटा धरला.

"दुसऱ्या टोकाला दाब, बाळा. दोन्ही अंगठ्यांनी," रुपल काचेला तोंड लावून ओरडली.

चारी कुलपं एकदम सुटली.

रुपलनं तिला ओढून पोटाशी धरलं. फ्रॉक भिजून अंगाला चिकटला होता. मावशी कोयता पाठीमागे धरून उगाच मांजराला शिव्या देत राहिली.

हिरू हुंदके देता देता थांबली. आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आई, गाडी आपलीच ना? मग तुला कसं माहीत नव्हतं?"